कोणता खटका पडतो?

आमच्या सासूबाईंना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. पलंगावरून उतरायचं, उजव्या हाताने भिंत धरायची आणि पॅसेजमधून मागच्या दाराजवळच्या बाथरूमपर्यंत जायचं, असा त्यांचा ठरलेला रस्ता. जूनच्या शेवटी एका रात्री त्या अर्ध्या वाटेवर असताना घरातली सगळी लाईट गेली. "माय, कुठं हायस गं? काहीच दिसंना," हा आवाज ऐकून मी धडपडत उठले. मोबाईलच्या उजेडात बघते तर त्या दोन्ही तळहात भिंतीला टेकवून जागच्या जागी उभ्या. शेजारच्या घरात लाईट होती. आमच्या डीबीत, म्हणजे सगळे खटके असतात त्या पेटीत, खटका पडला होता. तो वर केला, घर उजळलं, त्यांना पलंगावर आणून बसवलं.

पुढच्या आठ दिवसांत हे तीनदा झालं. मग चार दिवस काहीच नाही. मग पहाटे गिझर लावला आणि पुन्हा अंधार.

घर परभणीचं, कृषी विद्यापीठाच्या बाजूच्या वसाहतीतलं. सासऱ्यांनी १९९९ साली बांधलेलं, पायाखाली सगळी काळी माती. वायरिंग भिंतीत पाईप गाडून केलेलं, तेव्हापासूनचं. तीन वर्षांपूर्वी चिनी मातीचे जुने फ्यूज काढून नवा डीबी बसवला. लाईटला ६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा छोटा खटका; गिझर, मोटर आणि स्वयंपाकघराला वेगवेगळ्या. आधी लाईट इन्व्हर्टरवर होती, पण उन्हाळ्यात बॅटरी बसली म्हणून इन्व्हर्टर काढून लाईट सरळ मेनवर घेतली होती. त्यामुळे पहिला संशय त्या कामावरच गेला. महिनाभरापूर्वी कुणीतरी वायर हलवल्या आणि आता हे सुरू झालं, असं सरळ गणित आम्ही मांडलं.

ज्या वायरमनने ते काम केलं होतं तो आला. डीबीचे स्क्रू आवळले, लाईटची एमसीबी हाताने दोन-तीनदा खाली-वर केली आणि म्हणाला, "ताई, ही कमजोर झालीया. वीसची टाकून देतो, पुन्हा पडायची नाही." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलांना फ्यूज का असतो ते दर वर्षी सांगते, त्यामुळे हे ऐकून मी एकदम नाही म्हटलं. आमच्या लाईटच्या वायर एक चौरस मिलिमीटरच्या. त्यांच्या डोक्यावर २० अँपिअरची एमसीबी ठेवली तर वायर आधी तापेल आणि एमसीबी शांत बसून राहील. भिंतीत जळलेली वायर कुणाला दिसतही नाही. त्याने मग ६ अँपिअरचीच नवी बसवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा खटका पडला.

पुन्हा आला तेव्हा त्याने दुसरा उपाय सांगितला. अर्थिंगची वायर डीबीतून सोडून द्यायची किंवा मेनची आरसीसीबी, म्हणजे करंटच्या धक्क्यापासून वाचवणारा खटका, मधून काढून टाकायची. "अर्ध्या परभणीत असंच हाय," म्हणाला. अर्ध्या परभणीत असेलही. पण ३० मिलिअँपिअर हा आकडा माणसाच्या जिवाकडे बघून ठरवलेला आहे. अंगातून एवढा करंट जरा वेळ गेला तर जीव जाऊ शकतो, म्हणून आरसीसीबी त्याच्या आतच सगळ्या घराची लाईट तोडून टाकते. खटका सारखा पडतो म्हणून तीच काढायची, हे मला पटणं शक्यच नव्हतं. त्याचे पैसे दिले आणि मी स्वतः शोधायचं ठरवलं.

शोधायचं म्हणजे सुरुवातीला फक्त लिहून ठेवायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या-त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहू लागले. किती वाजता, त्या वेळी काय-काय चालू होतं, पाऊस होता का. घरातल्या सगळ्यांना बजावलं की खटका वर करायच्या आधी मला हाक मारा. पाच आठवड्यांत १९ नोंदी झाल्या. सहा वेळा गिझर चालू होता, पाच वेळा पाण्याची मोटर, चार वेळा मिक्सर किंवा इस्त्री. उरलेल्या चार वेळा मध्यरात्र, घरात फक्त फ्रिज आणि पंखे. गिझर काढून दुकानात तपासून आणला, ठणठणीत निघाला. मोटर तपासली, तीही चांगली.

मधे एक खोटा आनंदही झाला. पोर्चमधल्या एलईडीच्या फिटिंगमध्ये पाणी आणि किडे साठलेले सापडले. आम्ही ते काढून फेकलं आणि दहा दिवस खटका पडला नाही. मी शाळेत सहकाऱ्यांना सांगूनही टाकलं की सापडलं. नंतर कॅलेंडरकडे नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं की त्या दहा दिवसांत पाऊसही नव्हता. मराठवाड्यात जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा असा खंड पडतोच. पाऊस आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खटका पडला. पावसात नव्हे, दुसऱ्या दिवशी. हे 'दुसऱ्या दिवशी' मी आधीच्या नोंदींतही शोधलं आणि ते जवळजवळ प्रत्येक ठिकाणी होतं.

याच सुमारास शाळेच्या शिपायांनी एका जुन्या वायरमनचं नाव सुचवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही चाचाच म्हणते. सत्तरी ओलांडलेली, आता फक्त ओळखीची कामं घेतात. आले, चहा घेतला आणि डीबीकडे न बघता मला पहिला प्रश्न केला, "बाई, कोणता खटका पडतो?"

मी म्हटलं, लाईटचा. ते म्हणाले, "दाखवा." मी डीबी उघडला, बोट ठेवायला गेले आणि थांबले. लाईटबरोबर गिझर, फ्रिज, सगळं घरच बंद पडतं, ते लाईटच्या छोट्या एमसीबीने होऊच शकत नाही. मी रोज वर करत होते तो डावीकडचा रुंद खटका, ज्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. म्हणजे आरसीसीबी. ती काढून टाकायला मी नकार दिला होता, म्हणजे तिचं नाव माझ्या तोंडात होतं. तरीही रात्री लाईट जाते म्हणून घरात सगळे 'लाईटचा खटका' म्हणत होते, मीही तेच म्हणत राहिले, आणि पहिल्या वायरमननेही त्याच नावावरून एमसीबी बदलली.

फरक साधा आहे. एमसीबी दोन कारणांनी पडते. लोड जास्त झाला की तिच्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते, आणि शॉर्ट झाला तर आतलं विद्युतचुंबक तिला क्षणात पाडतं. आरसीसीबीला लोडशी देणंघेणं नाही. फेजने जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का, एवढंच ती बघते. कमी आला तर उरलेला कुठेतरी जमिनीत, भिंतीत किंवा माणसात गेला. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती सगळ्या घराची लाईट तोडते. म्हणजे आमच्याकडे लोडचा प्रश्न नव्हताच. कुठेतरी गळती होती.

मी माझ्या परीने हुशारी दाखवली. म्हटलं, चाचा, लाईटमध्ये गळती नाही, कारण मागच्या आठवड्यात लाईटची एमसीबी खाली ठेवून मी गिझर लावला, तरी मेन पडली. ते हसले नाहीत, उलट खूश झाले. "हेच तर पाहिजे होतं," म्हणाले. "एमसीबी फक्त फेज तोडती, बाई. न्यूट्रल तशीच जोडलेली राहती. सगळे फेजच्या मागं लागतात, न्यूट्रलला कुणी विचारत नाही."

मग त्यांनी मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट दाखवले. घरात फक्त बल्ब चालू असताना ०.४ व्होल्ट. गिझर लावला, २००० वॅटचा, म्हणजे जवळपास ९ अँपिअर, आणि आकडा २.३ व्होल्टवर. हे व्होल्ट येतात कारण न्यूट्रलची वायर डीपीपर्यंत, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते आणि तिच्यातून जितका करंट वाहतो तितका तिच्यावर थोडा दाब तयार होतो. डीपीवर न्यूट्रल जमिनीला जोडलेली असते. घरात कुठे न्यूट्रल अर्थला टेकली असेल तर थोडा करंट न्यूट्रलची वाट सोडून अर्थिंगच्या वाटेने, जमिनीतून डीपीकडे जायला लागतो. २ व्होल्ट आणि वाटेत २० ओहमचा अडथळा धरला तरी १०० मिलिअँपिअर होतात. आरसीसीबीला तिसरा हिस्साही पुरतो. आणि ०.४ व्होल्टला तो आकडा २० मिलिअँपिअरवर येतो, म्हणून बल्ब रात्रभर जळले तरी काही होत नाही.

मी हे कॅलेंडरशेजारी उभी राहून ऐकत होते आणि माझ्या १९ नोंदी एकेक करून जागेवर बसत होत्या. गिझर, मोटर, इस्त्री यांपैकी कुणाचाच दोष नव्हता. ते फक्त न्यूट्रलवर दाब आणत होते. मध्यरात्रीच्या चार वेळा फ्रिजच्या. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. आणि शेजाऱ्यांचा लोडही त्याच लाईनच्या न्यूट्रलवर असतो, म्हणून आमच्याकडे काहीच वेगळं चालू नसतानाही मधेच पडायची.

चाचांनी मेन बंद केला. नुसत्या टेस्टरवर विश्वास न ठेवता मल्टिमीटरने प्रत्येक जागी शून्य आहे का ते बघितलं, आणि इन्व्हर्टर खरंच काढलाय ना, हे दोनदा विचारलं. ज्या घरात इन्व्हर्टर जोडलेला असतो तिथे मेन बंद केला तरी लाईटच्या वायरीत जीव असतो. मग न्यूट्रलची पितळी पट्टी, जिथे सगळ्या न्यूट्रल एकत्र बसतात, तिथून एकेक वायर सोडवून कागदी चिठ्ठ्या बांधल्या. पिशवीतून मेगर काढला, वायरच्या आवरणातून गळती होते का ते मोजणारा, हाताने फिरवायचा, कातडी पट्ट्याचा. तो ५०० व्होल्ट तयार करतो; काटा टोकाला गेला तर आवरण शाबूत, शून्याकडे राहिला तर गळती. बल्ब, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सगळं आधी काढून ठेवलं होतं. गिझरची न्यूट्रल ते अर्थ: काटा टोकाला. मोटर: टोकाला. स्वयंपाकघर: टोकाला. लाईट: काटा २ मेगओहमच्या पुढे जाऊन थांबला. बाकीच्यांपेक्षा कमी, पण नापास म्हणावं असं नाही.

चाचांनी मेगर पिशवीत ठेवला. "आज गळती तोंड उघडायची नाय. भिंत वाळलीय. पाऊस पडला की फोन करा, त्याच दिवशी नको, दुसऱ्या दिवशी."

त्या रात्रीपासून सासूबाईंच्या पलंगापाशी आणि पॅसेजमध्ये चार्जिंगचे दोन दिवे ठेवले. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी रात्रभर पाऊस झाला. सकाळी नऊला चाचा दारात. मेन बंद, लाईटची न्यूट्रल सोडवली, मेगर फिरवला. काटा शून्यावरून हललाच नाही. त्यांनी मला दांडी हातात दिली, "तुम्ही फिरवा, म्हणजे खात्री पटंल." मी फिरवली, काटा जिथल्या तिथे. मग त्यांनी लाईटची फेज तपासली. तिथे अर्धा मेगओहम. चाचांचा चेहरा बदलला. म्हणाले, "न्यूट्रल गेलीच हाय. फेज जायच्या वाटेवर हाय."

पुढचं काम अर्धं-अर्धं करत जायचं. लाईटची लाईन डीबीतून हॉलच्या बोर्डात, तिथून दोन खोल्या, मग पॅसेजचा बोर्ड आणि तिथून मागे. चाचांनी पॅसेजच्या बोर्डातला न्यूट्रलचा जोड सोडला. डीबीकडची बाजू स्वच्छ. हॉल, खोल्या, देवघर एका झटक्यात सुटले. मागची बाजू शून्य. तिथून दोन फाटे, एक बाथरूमला, एक जिन्याच्या दिव्याला. माझी खात्री होती की बाथरूम असणार, ओल तिथेच असते. बाथरूम स्वच्छ निघालं. जिन्याच्या दिव्याचं होल्डर उतरवलं, वायरची दोन्ही टोकं मोकळी हवेत ठेवली, मेगर फिरवला. शून्य. म्हणजे बोर्ड नाही, होल्डर नाही, दिवा नाही. भिंतीच्या पोटातली ती पंधरा-सोळा फुटांची वायर.

आता भिंत कुठे फोडायची? चाचा पॅसेजमध्ये मागे सरकून उभे राहिले आणि बोर्डापासून वर, मग मागच्या दाराच्या लिंटलवरून जिन्याकडे बोटाने हवेत पाईपची रेघ काढली. ती रेघ दाराच्या डाव्या कोपऱ्याशी एका तडीला छेदत होती. ती तड मला वीस वर्षं माहीत आहे. लग्न होऊन आले तेव्हाही होती. दर दिवाळीला पुट्टी भरून रंग द्यायचा आणि उन्हाळ्यात ती पुन्हा उघडायची. काळ्या मातीचं हे असंच असतं. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. माहेरच्या शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन पाऊस झाले की त्या मिटतात. तीच माती आमच्या पायाखाली आहे. घराचा मागचा कोपरा दर वर्षी केसभर वर-खाली होत असणार आणि भिंत तिथे उघड-मीट करत असणार. पाईप मात्र त्या तडीला आडवा, ताठ गाडलेला.

छन्नीने वीतभर प्लास्टर काढलं. आतली वीट काळपट ओली होती, हाताला थंड. पाईप दिसला, पांढरा पीव्हीसी, आणि तो तडीच्या बरोबर रेषेत तुटलेला. दोन तुकड्यांची तोंडं एकमेकांवरून सरकली होती, एक थोडं वर, एक थोडं खाली, नि दोघांमध्ये वायर दाबलेल्या. चाचांनी चिमट्याने काळी वायर अलगद ओढली. तिचं आवरण एका बाजूने पेन्सिल तासावी तसं तासलं गेलं होतं, नखाएवढ्या जागेत तांबं उघडं. त्याला लागून अर्थची तार. १९९९ ला ती उघडीच टाकलेली, आवरण नसलेली, आता हिरवी पडलेली. दोघींच्या मधे ओल्या मातीचा पातळ लेप. गच्चीच्या कठड्याच्या बुडातून पाणी तडीत झिरपत इथे पोचायला एक रात्र लागत होती, तोच माझा 'दुसरा दिवस'. लाल वायरही होती, तिच्या आवरणावर खोल ओरखडा होता, तांबं अजून दिसत नव्हतं.

मी तिथे उभी राहून भिंतीकडे बघत होते. दाराच्या डाव्या बाजूला, कमरेच्या थोडं वर, रंगावर एक तेलकट पट्टा आहे. सासूबाईंचा हात रोज रात्री तिथून फिरतो. तो पट्टा आणि त्या ओल्या विटा यांच्यात हातभर अंतर होतं. लाल वायर फाटली असती आणि आम्ही आरसीसीबी काढलेली असती, तर ती ओली भिंत कुणाच्या हाताशी आली असती ते मला वेगळं सांगायची गरज नाही. त्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

दुरुस्ती दीड दिवसात झाली. भिंतीतला पाईप चाचांनी कायमचा सोडून दिला, वायर ओढून काढल्या, दोन्ही तोंडं बंद केली. नव्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायर दारावरून उघड्या केसिंग पट्टीतून नेल्या, आणि तड जिथे आडवी येते तिथे पट्टी अखंड न ठेवता मधे लवचिक पाईपचा तुकडा देऊन वायरला हातभर सैल वळण ठेवलं, भिंत हलली तरी वायर ताणायची नाही. अर्थसाठी हिरव्या आवरणाची वायर. लाईटचे दोन भाग केले, म्हणजे एक बंद पडला तरी पॅसेजचा दिवा दुसऱ्यावर राहतो, आणि दोन्हींना अशा एमसीबी लावल्या ज्या फेजबरोबर न्यूट्रलही तोडतात. पट्टी दिसायला चांगली नाही, हे खरं. ती भिंतीत गाडायचा विषय आमच्याकडे पुन्हा निघणार नाही. कठड्याच्या बुडाचं वॉटरप्रूफिंग गवंड्याकडून करून घेतलं आणि मागच्या बाजूला पायालगत पाणी साचत होतं तिथे उताराचा कोबा घातला.

शेवटी पुन्हा मेगर. लाईटचे दोन्ही भाग, फेज आणि न्यूट्रल, काटा टोकाला. मग मेन चालू करून चाचांनी 'टी' बटण दाबलं, आरसीसीबी खाडकन पडली. "पडायच्या वेळेला पडलीच पाहिजे," म्हणाले, आणि महिन्यातून एकदा हे बटण मी स्वतः दाबायचं, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

सप्टेंबरात परतीच्या पावसाने चार दिवस झोडपलं. चौथ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गिझर, मोटर, इस्त्री आणि मिक्सर एकदम लावले आणि डीबीसमोर उभी राहिले. खटका जागचा हलला नाही. सासूबाईंनी खोलीतून विचारलं, "काय माय, पडला का?" मी म्हटलं, नाही आई.

तडीत या दिवाळीला पुट्टी भरली नाही. तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एकेक बारीक फुली काढली, मधलं अंतर पट्टीने मोजलं आणि शेजारी तारीख लिहिली. तेव्हा ४० मिलिमीटर होतं. फेब्रुवारीत ४१ भरलं. आता मे महिन्यात पुन्हा मोजायचं आहे.